प्रतिस्पर्ध्याची घसरण आणि चाहत्याचे द्विधा मन : गोव्यातील फुटबॉल क्लबांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडा इतिहासाचे लेखन बहुतांशी विजेत्यांभोवती फिरते. कोणी कोणता चषक कोणत्या वर्षी जिंकला याच्या याद्या सहज उपलब्ध होतात. परंतु हरलेल्यांचा, त्यातही वरच्या श्रेणीतून खाली उतरवल्या गेलेल्या संघांचा इतिहास फारसा लिहिला जात नाही. फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत हंगामाच्या अखेरीस गुणतक्त्याच्या तळाशी राहिलेल्या संघांना पुढील हंगामात खालच्या श्रेणीत खेळावे लागते. या पद्धतीस 'रेलिगेशन' असे म्हणतात. आपल्याच शहरातील वा राज्यातील प्रतिस्पर्धी संघावर अशी वेळ आली म्हणजे चाहत्याला निर्भेळ आनंद व्हावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र या आनंदात हळहळ, अस्वस्थता आणि काही अंशी भीतीही मिसळलेली आढळते.

ही भावना समजून घेण्यासाठी ग्रामीण महाराष्ट्राला परिचित असलेला एक शब्द उपयोगी पडतो. बारामती-इंदापूर परिसरातील यात्रांच्या कुस्ती आखाड्यांत मल्लाची 'जोड' ठरवली जाते. मल्ल कितीही ताकदीचा असला तरी त्याला तुल्यबळ जोड मिळाली नाही तर कुस्ती लागत नाही आणि प्रेक्षकही आखाड्याकडे फिरकत नाहीत. जोड हा त्या मल्लाचा विरोधक असतो, तसाच त्याच्या नावलौकिकाचा आधारही असतो. फुटबॉलमधील स्थानिक प्रतिस्पर्धी संघाचे स्थान याहून वेगळे नाही. कोल्हापुरात तर तालमींनीच फुटबॉल संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या नावांतून आखाडा आणि मैदान यांचे नाते आजही दिसते.

प्रस्तुत निबंधात गोव्यातील व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या १९९६ नंतरच्या वाटचालीच्या आधारे या द्विधा मनःस्थितीची ऐतिहासिक कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे. चाहत्यांच्या भावनांची नोंद दप्तरात होत नसते. परंतु संघांची बढती, घसरण आणि माघार यांच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्यांवरून चाहत्याने काय कमावले आणि काय गमावले याचा हिशेब मांडता येतो.

रेलिगेशनची पद्धत : उगम आणि आशय

इंग्लंडमध्ये १८८८ साली बारा क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉल लीगची स्थापना केली. १८९२ मध्ये दुसरी श्रेणी निर्माण झाली. आरंभी दोन श्रेणींमधील संघांची अदलाबदल परीक्षा-सामन्यांवर ठरत असे. १८९८ मध्ये ती पद्धत जाऊन गुणतक्त्यानुसार आपोआप बढती आणि घसरण होऊ लागली. या व्यवस्थेचा आशय दुहेरी आहे. तळाच्या संघाला शिक्षा होते. परंतु त्याचे अस्तित्व नाकारले जात नाही. खालच्या श्रेणीत चांगली कामगिरी करून परत येण्याचा त्याचा हक्क अबाधित राहतो.

प्रतिस्पर्ध्याच्या घसरणीकडे पाहतानाची संमिश्र भावना जगाच्या अन्य भागांतही दिसून आली आहे. २७ एप्रिल १९७४ रोजी मँचेस्टर सिटीच्या डेनिस लॉ याने ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध टाचेने गोल केला. लॉ १९६२ ते १९७३ या काळात युनायटेडकडूनच खेळलेला होता. गोल केल्यावर त्याने आनंद साजरा केला नाही. त्या हंगामात युनायटेड खालच्या श्रेणीत गेला. अन्य सामन्यांचे निकाल पाहता या गोलाशिवायही तो खाली गेलाच असता. तरीही जनमानसात तो गोल आणि ती घसरण एकत्र जोडली गेली. पुढच्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून युनायटेड परतला. स्कॉटलंडमध्ये २०१२ साली आर्थिक संकटामुळे रेंजर्सला चौथ्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागली. तो अव्वल श्रेणीत परतेपर्यंत चार हंगाम गेले आणि त्या काळात त्याच्या पारंपरिक प्रतिस्पर्ध्याने, सेल्टिकने, प्रत्येक वेळी लीग जिंकली. विजेतेपदे मिळत होती, परंतु ज्याच्याविरुद्ध ती मिळवायची तो प्रतिस्पर्धी लीगमध्ये नव्हता.

गोव्यातील क्लबांची जडणघडण

गोव्यात फुटबॉलचे आगमन १८८३ साली शिवोली येथे झाले असे सामान्यतः मानले जाते. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, १९५९ मध्ये, गोवा फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. मुक्तीनंतर खाण उद्योगाचा विस्तार होत गेला आणि खाणमालक घराण्यांनी फुटबॉलला मोठा आश्रय दिला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक आणि खेळांचे पुरस्कर्ते होते. वास्को शहरात वास्को क्लब (१९५१) आणि साळगावकर क्लब (१९५६), तर पणजीत डेम्पो असे संघ उभे राहिले. पुढे चर्चिल ब्रदर्स (१९८८) आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा (१९९९) यांची भर पडली.

या घराण्यांची स्पर्धा केवळ मैदानापुरती मर्यादित नव्हती. 'गोमन्तक' हे मराठी दैनिक १९६२ मध्ये चौगुले समूहाने सुरू केले, तर 'नवप्रभा' हे दैनिक १९७० मध्ये डेम्पो समूहाने. उद्योग, वृत्तपत्र आणि फुटबॉल या तिन्ही क्षेत्रांत त्याच घराण्यांचा वावर असल्यामुळे संघाची बाजू घेणे म्हणजे गाव, नोकरी, नातेसंबंध आणि प्रतिष्ठा यांच्याशी जोडलेली भूमिका घेणे होते.

१९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. १९९८-९९ मध्ये साळगावकर हा ती जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब ठरला. २००४-०५ मध्ये डेम्पो विजेता आणि स्पोर्टिंग उपविजेता, म्हणजे पहिली दोन्ही स्थाने गोव्याकडे आली. २००७ मध्ये या स्पर्धेचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले तेव्हा पहिल्या हंगामातील दहा संघांपैकी चार गोव्याचे होते. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण गोव्याची लोकसंख्या सुमारे १४.५८ लाख, तर एकट्या पुणे जिल्ह्याची सुमारे ९४.२९ लाख. ही तुलना लक्षात घेतली म्हणजे एवढ्या लहान प्रदेशात किती दाट स्पर्धा सामावलेली होती याची कल्पना येते.

यश आणि घसरण एकाच वेळी : २००८ ते २०१०

२००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद गोव्यातच राहिले. डेम्पोने चार वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोन वेळा आणि साळगावकरने एकदा ते मिळवले. या काळाचा उल्लेख गोव्याच्या फुटबॉलचे सुवर्णयुग म्हणून होतो आणि ते योग्यच आहे. तथापि याच सुवर्णयुगाच्या मध्यभागी सलग तीन हंगामांत गोव्याचा एकेक क्लब खालच्या श्रेणीत गेला, या वस्तुस्थितीकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

२००७-०८ मध्ये डेम्पो आणि चर्चिल यांचे गुण समान झाले आणि गोलफरकाच्या आधारे डेम्पो विजेता ठरला. त्याच हंगामात साळगावकर खाली गेला. २००८-०९ मध्ये चर्चिल विजेता ठरला आणि वास्को खाली गेला. २००९-१० मध्ये पुन्हा डेम्पो विजेता ठरला आणि स्पोर्टिंग खाली गेला. म्हणजे तिन्ही वर्षी गुणतक्त्याच्या शिखरावर गोवा होता आणि तळाशीही गोवाच होता. एका गटाच्या मिरवणुकीच्या वेळी शेजारच्या गटात सुतकी शांतता असावी, असा हा प्रसंग तीनदा घडला.

या तीन घसरणींचे पुढे काय झाले हे पाहणे आवश्यक आहे. साळगावकरने २००९ मध्ये द्वितीय श्रेणीतून बढती मिळवली आणि २०१०-११ मध्ये थेट आय-लीगचे विजेतेपद पटकावले. त्याच वर्षी, २०११ मध्ये, फेडरेशन चषकही या क्लबने जिंकला. खाली गेल्यानंतर तीन वर्षांत देशातील सर्वोच्च स्थान मिळवण्याचे हे उदाहरण रेलिगेशन पद्धतीचा खरा आशय स्पष्ट करते. स्पोर्टिंग एका हंगामाच्या खंडानंतर २०११-१२ मध्ये परतला. वास्को मात्र आय-लीगच्या अव्वल श्रेणीत पुन्हा पोहोचू शकला नाही. परतीची वाट खुली असणे आणि ती चालून जाण्याचे बळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वास्कोच्या उदाहरणावरून दिसते.

द्विधा मनःस्थितीची कारणे

पहिले कारण गणिताचे आहे. दुहेरी साखळीत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो. गोव्याचे चार क्लब असताना त्यांच्यात आपापसांत हंगामात १२ सामने होत. एक क्लब कमी झाला की ही संख्या थेट ६ वर येते, दोन कमी झाले की २ वर, आणि एकच क्लब उरला तर एकही स्थानिक सामना होत नाही. क्लबांची संख्या एका चतुर्थांशाने घटली की स्थानिक सामने निम्मे होतात. डेम्पोच्या चाहत्याच्या दृष्टीने चार क्लबांच्या हंगामात वर्षातून सहा वेळा शेजाऱ्याशी लढत असे. एक शेजारी खाली गेला की ती चार वेळा उरे. सर्वाधिक चुरशीचे आणि वर्षभर चर्चेत राहणारे सामने हेच असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या घसरणीची किंमत विजयी संघाच्या चाहत्यालाही मोजावी लागत होती.

दुसरे कारण निष्ठेच्या वर्तुळांचे आहे. गोव्यातील चाहता क्लबाचा असतो, तसाच तो गोव्याचाही असतो. राष्ट्रीय पातळीवर गोव्याची मुख्य स्पर्धा कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या क्लबांशी होती. साळगावकर कोलकात्याच्या संघाकडून हरला तर डेम्पोच्या चाहत्याला क्लबाच्या नात्याने समाधान वाटावे आणि गोवेकर म्हणून खंत वाटावी, हे साहजिकच होते. संतोष चषकात तर सर्व क्लबांचे खेळाडू एकाच राज्याच्या गणवेशात उतरत. साळगावकरचा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर किंवा त्याच क्लबाचा आघाडीवीर ब्रुनो कुटिन्हो हे भारताकडून खेळले तेव्हा ते साऱ्या गोव्याचे खेळाडू ठरले.

तिसरे कारण स्मृतीचे आहे. आपल्या संघाच्या विजयाचे मोल हरवलेल्या संघाच्या मोठेपणावर अवलंबून असते. राष्ट्रीय विजेता राहिलेल्या साळगावकरवर मिळवलेला विजय वर्षानुवर्षे सांगण्यासारखा असतो. तोच क्लब कायमचा दुबळा झाला तर जुन्या विजयांचाही भाव उतरतो. बारामती-इंदापूरच्या सहकारी साखर कारखानदारीतही ही वृत्ती ओळखीची आहे. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरचा छत्रपती कारखाना यांचे सभासद एकमेकांच्या ऊसदराची तुलना दर हंगामात हिरिरीने करतात. आपल्या कारखान्याचा दर जास्त असल्याचा अभिमान शेजारचा कारखाना चालू असेपर्यंतच टिकतो. शेजारी बंद पडला तर तुलनेला मापच उरत नाही आणि दर मागण्याचा एक आधारही हातचा जातो.

चौथे कारण भीतीचे आहे. मोठे समजले जाणारे घर कोसळताना शेजारच्याला स्वतःच्या घराचा पाया आठवतो. साळगावकरसारखा माजी विजेता खाली जाऊ शकतो, तर कोणीही जाऊ शकतो. ही भीती अनाठायी नव्हती. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला डेम्पो २०१४-१५ च्या हंगामात खालच्या श्रेणीत गेला.

पुण्याचा अनुभव

डेम्पोच्या घसरणीचा हाच हंगाम पुणे जिल्ह्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. २००९ मध्ये साळगावकरसोबत बढती मिळवलेला पुणे एफसी हा क्लब २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरला होता. २०१४-१५ मध्ये भारत एफसी या दुसऱ्या पुणेकर क्लबाला उद्योगसमूहांसाठीच्या थेट प्रवेशाच्या मार्गाने लीगमध्ये स्थान मिळाले. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात शहराला प्रथमच आय-लीगमधील स्वतःची स्थानिक लढत लाभली. भारत एफसी गुणतक्त्यात शेवटचा आला. परंतु थेट प्रवेश मिळालेल्या क्लबांना रेलिगेशनपासून संरक्षण असल्यामुळे तो खाली गेला नाही आणि डेम्पोला जावे लागले.

पुढे जे घडले ते विचार करण्याजोगे आहे. संरक्षण लाभलेला भारत एफसी पुढील हंगामात लीगमध्ये उतरलाच नाही. पुणे एफसीनेही माघार घेतली. खाली गेलेला डेम्पो मात्र २०१५-१६ मध्ये द्वितीय श्रेणीचा विजेता ठरला. पुण्यातील स्पर्धा मूळ धरण्यापूर्वीच संपली. तेथे प्रतिस्पर्ध्याच्या घसरणीवर आनंद मानण्याची किंवा हळहळण्याची पाळी आली नाही, कारण पुढच्या वर्षी दोघेही नव्हते. नियमाने दिलेले संरक्षण क्लबाला वाचवू शकले नाही, तर नियमाने दिलेली शिक्षा क्लबाला पुन्हा उभे राहण्यास अडसर ठरली नाही.

घसरण नव्हे, माघार : २०१४ ते २०१६

गोव्यातील स्पर्धा मोडली ती रेलिगेशनमुळे नव्हे. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादित प्रमाणात ते सुरू करण्यास अनुमती दिली. तथापि क्लबांना पोसणाऱ्या अर्थव्यवस्थेला धक्का बसला होता. २०१४ मध्येच परवाना निकषांची पूर्तता न झाल्याने चर्चिल ब्रदर्सला आय-लीगमधून वगळण्यात आले. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली. तीत उतरलेल्या एफसी गोवा या नव्या संघाच्या मालकांमध्ये श्रीनिवास डेम्पो आणि साळगावकर घराण्यातील दत्तराज साळगावकर यांचा समावेश होता. ज्या दोन नावांनी अनेक दशके एकमेकांविरुद्ध चाहते उभे केले, ती नावे एका संघामागे एकत्र आली. या नव्या लीगमध्ये आरंभी बढती नव्हती आणि रेलिगेशनही नव्हते.

२०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारतीय फुटबॉलच्या पुनर्रचनेचा प्रस्ताव मांडला. त्यात सुपर लीगला अव्वल स्थान मिळून आय-लीगचा दर्जा खाली येणार होता आणि गुणवत्तेवर वर जाण्याची वाट दिसत नव्हती. याच्या निषेधार्थ साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी जून २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. मैदानावर बढती मिळवलेला डेम्पोही उतरला नाही. २०१६-१७ मध्ये चर्चिल ब्रदर्सला पुन्हा प्रवेश मिळाला आणि तो गोव्याचा एकमेव क्लब उरला. २०१३-१४ मध्ये १२ असलेले स्थानिक सामने २०१४-१५ मध्ये ६, २०१५-१६ मध्ये २ आणि २०१६-१७ मध्ये शून्य झाले.

या दोन प्रकारच्या अनुपस्थितींमधील फरक मूलभूत आहे. २००८ मध्ये साळगावकर खाली गेला तेव्हा डेम्पोच्या चाहत्याला चिडवता येत होते, कारण साळगावकरचा चाहता 'पुढच्या वर्षी पाहू' असे उत्तर देऊ शकत होता, आणि तीन वर्षांनी त्याने ते दिलेही. २०१६ मध्ये चिडवण्यासारखे काही उरले नाही. कोणी हरले नव्हते. संघच मैदानातून निघून गेले होते. चिडवणे हीदेखील एक देवघेव आहे. तिला समोरचा माणूस लागतो आणि उद्याचा दिवस लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, प्रतिस्पर्धी संघाच्या घसरणीबाबत चाहत्याला वाटणारी संमिश्र भावना हा केवळ भावुकपणा नसून तिला सामन्यांची संख्या, प्रादेशिक अस्मिता, विजयांची स्मृती आणि स्वतःच्या भवितव्याची चिंता असे चार ठोस आधार आहेत. दुसरा, रेलिगेशनची पद्धत कठोर वाटली तरी ती स्पर्धेचे नाते तोडत नाही. खाली गेलेल्याला परतीचा हक्क देऊन ती ते टिकवते. तिसरा, गोव्यातील आणि पुण्यातील स्थानिक स्पर्धा संपुष्टात आली ती आर्थिक आधार सुटल्यामुळे आणि गुणवत्तेच्या वाटा बंद झाल्यामुळे.

२०१९ मध्ये ठरलेल्या आराखड्यानुसार आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती देण्याचे तत्त्व मान्य झाले आणि २०२३ मध्ये पंजाब एफसीला तिचा प्रथम लाभ मिळाला. वर जाण्याची वाट अंशतः का होईना, खुली झाली. डेम्पोनेही खालच्या श्रेणींतून पायरी-पायरीने चढत २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये पुनरागमन केले. २०१३-१४ नंतर प्रथमच डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स त्या लीगमध्ये आमनेसामने आले आणि गोव्याच्या स्थानिक सामन्यांची संख्या शून्यावरून पुन्हा दोनवर गेली. बारा सामन्यांच्या तुलनेत ही संख्या फारच लहान आहे. परंतु चर्चिलच्या चाहत्याला या पुनरागमनात आपला जुना विरोधक परत मिळाला, आणि त्याची गरज डेम्पोच्या चाहत्याइतकीच त्यालाही होती.